अ पिशवीतली पूड

सोमवार, ३ मार्च

आज एकवीस डुकरं. एकवीस यकृतं. अ गटातली अकरा – सगळी शून्य. ब गटातली दहा – चार शून्य, चार एक, दोन दोन. शून्य म्हणजे स्वच्छ, तीन म्हणजे फेकून द्या. दिवसभर हेच! हातमोजा घातलेलं बोट फिरवायचं, आकडा सांगायचा, पुढचं घ्यायचं.

यकृत साफ ठेवते म्हणून कंपनीने चाचणीला दिलेली पूड कुठल्या गटाच्या खाद्यात आहे हे मला माहीत नाही. साहेबांनाही नाही. पिशव्यांवर नुसतं अ आणि ब. एकीत पूड, दुसरीत तसंच दिसणारं बिनकामाचं काहीतरी. खरं काय ते बंद पाकिटात. आधी कळलं तर डोळा फसतो, म्हणतात साहेब.

जेवताना दादाने विचारलं, "आज कोण जिंकलं?" म्हटलं, अ. आरशासारखी आहेत. "नशीब एकेकाचं!" म्हणाला.

दादा आमच्याच फार्मवर खाद्य कालवतो. हॉस्पिटलातून आल्यावर मीच चिकटवलं त्याला. दारू सोडून दोन वर्षं झाली, पण त्याच्या यकृताला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

बुधवार, ५ मार्च

दादाचा रिपोर्ट. दवाखान्यातली डॉक्टर म्हणाली, आहे तिथेच आहे, वाढलं नाही म्हणजे मिळवली. तीन आठवड्यांनी परत रक्त. मला काहीच वाटलं नाही. येताना झाडू घ्यायचा होता, तो घेतला.

मंगळवार, ११ मार्च

अ – शून्य, शून्य, शून्य. सुरी चालवणारे काका म्हणाले, "ताई, एवढं गुळगुळीत काळीज माझं लग्नाच्या दिवशीही नव्हतं!" सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

घरी सांगितलं. दादा मन लावून ऐकत होता. शाळेत असतं एवढं लक्ष तर कुठल्या कुठे गेला असता.

शुक्रवार, १४ मार्च

काही नाही.

बुधवार, १९ मार्च

दादाच्या अंगाला खाज. जेवण जात नाही. "उन्हाचं असेल," म्हणाला. असेल.

रविवार, २३ मार्च

खिडकीपाशी वळला तेव्हा डोळे दिसले. पिवळे. मी मनातल्या मनात आकडा देऊन टाकला आणि भांडी घासायला गेले. लिहितानाही लाज वाटते.

सोमवार, २४ मार्च

रक्त वाईट आलं.

डॉक्टरने विचारलं, "दुसरं काही घेता का? चूर्ण, काढा, कुणी सांगितलेलं काही?" दादाची मान खाली. ती मान मी ओळखते – लहानपणी काचेचं काही फुटलं की अशीच जायची.

"डुकरांची पूड," म्हणाला. "अ पिशवीतली. रोज दोन चमचे."

डॉक्टरला काही कळेचना. मला कळलं.

"तूच म्हणालीस ना गं, आरशासारखी!"

म्हणाले होते. रोज जेवताना म्हणत होते. ज्याचं यकृत सडतंय त्याच्यासमोर बसून दुसऱ्यांच्या यकृतांचं कौतुक! मला अक्कल नाही.

डॉक्टर रागावली नाही. उलट तिचा चेहरा जरा सैल झाला. पूड आजपासून बंद, म्हणाली. तिनेच बिघडवलं असेल तर महिन्याभरात उतरेलही. मग त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाली, "पूड नसेल कारण, तर मात्र यकृतच थकलंय. मग माझ्या हातात फारसं काही नाही." पिशवीत काय आहे ते कळवायला सांगितलंय.

मंगळवार, २५ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. दादाची नोकरी गेली तर गेली. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. पाकीट कंपनीच्या माणसासमोरच फोडायचं असं ठरलेलं आहे. लगेच फोन लावला. तो परवा येतोय.

बुधवार, २६ मार्च

अ मध्ये पूड निघू दे.

अ च्या डुकरांची यकृतं स्वच्छ निघतात, ठाऊक आहे मला. रोज मीच बघते. पण त्यांना दिवसाला चिमूटभर, याने चमचे चमचे खाल्ली. आणि माणूस म्हणजे काही डुक्कर नव्हे. बाधली असेल. बाधलेलीच असू दे! देवाकडे कधी काही मागितलं नाही मी, आणि आज मागतेय काय – तर भावाच्या पोटात विष गेलेलं असू दे. असं कोण मागतं?

दादा खुशीत. "सुटलो गं! बंद केली ना, आता उतरणार. डॉक्टरच म्हणाली." दोन घास जास्त जेवला.

गुरुवार, २७ मार्च

कोंडा.

अ म्हणजे रंग दिलेला गव्हाचा कोंडा. पूड ब मध्ये होती. कंपनीच्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी सही केली आणि निघाले.

दादा दारातच उभा. "काय निघालं गं?"

"पूडच," म्हटलं.

"बघ! म्हटलं नव्हतं?" म्हणाला, आणि माझं ताट वाढायला घेतलं.