धाकट्याला दाखवलेली पिन

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त अभियंता, हे मृत्युपत्र राजीखुशीने नव्हे तर रागाने, पण पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. रक्तदाबाचा उल्लेख त्यांनी टाळला, ही त्यांची मेहेरबानी.

१. दोन खोल्यांचं हे घर, माझी स्वकष्टार्जित मिळकत, माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावं. मोरीचा नळ गळतो. वरच्या मजल्यावरच्या वकिलाने फुकटचा सल्ला दिल्यास दार लावून घ्यावं.

२. माझी हत्यारं कारखान्यातल्या फिटरला, ज्याला आम्ही ‘मिलिमीटर’ म्हणायचो. माझी बारीक कानस त्याने कधीच ढापली आहे, तीही त्याचीच समजावी.

३. आमच्या विभागाचे माजी साहेब माझ्या अंत्ययात्रेला आले तर त्यांच्या हाती माईक देऊ नये. देशाची मान उंचावल्याचं भाषण त्यांना तोंडपाठ आहे. त्या भाषणाखाली काय गाडलंय, ते इथे लिहिते.

विमानातून सोडायच्या क्रूझ क्षेपणास्त्राचे पंख आमचा विभाग बनवायचा. विमानाखाली ते मिटलेले असतात, क्षेपणास्त्र सुटल्यावरच उघडायचे. जमिनीवर त्यांना लाल पट्टीची एक पिन अडकवून ठेवते. धावपट्टीच्या टोकाला आतलं कुलूप तपासायचं, मग पिन उपसायची आणि हात उंच करून वैमानिकाला दाखवायची. पिन दिसली म्हणजे तपासणी झाली, हा आमच्यातला संकेत.

चाचणीच्या दिवशी मोठे पाहुणे आले होते. साहेबांना फोटो हवा होता. त्यांनी हँगरमध्येच पाहुण्यांच्या हस्ते पिन काढवली, उद्घाटनाची फीत कापावी तशी. मी ओरडले, “साहेब, कुलूप अजून तपासलेलं नाही!”

“बाई, फोटोत येऊ नका,” ते म्हणाले.

पाहुण्यांनी पिन उंचावली. त्या दिवशी वैमानिक माझा धाकटाच होता, त्याने कॉकपिटमधून अंगठा उंचावला. पिन निघालेली पाहून धावपट्टीवर कोणीच पुन्हा तपासलं नाही. विमान उठलं, पंख विमानाखालीच उघडले, विमान कोसळलं आणि माझा भाऊ गेला.

अहवालात लिहिलं, वैमानिकाने चुकीचं बटण दाबलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून गोपनीयतेच्या शपथेची आठवण करून दिली. वर म्हणाले, “तुमच्या भावजयीचं निवृत्तिवेतन माझ्या सहीने सुरू आहे.” त्या माणसाची मला आजही किळस येते.

गेल्या हिवाळ्यात भावजय वारली. आता अडवायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. शपथ मेलेल्या बाईला लागू आहे का, हे त्यांनी खुशाल शोधत बसावं.

४. ती पिन साहेबांनी काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर मिरवली. माझ्या निरोपसमारंभात ते भाषण ठोकत असताना मी ती चौकटीसकट उचलून आणली. चोरी म्हणायची तर म्हणा. पिन भाचीला द्यावी. चौकट फोडून द्यावी.

५. माझी गाडीही तिलाच. पण ती चालवायला शिकत नाही. म्हणते, “आत्या, नको ते बटण दाबणं आमच्या रक्तातच आहे.” हे ऐकून मी वर्षानुवर्षं मूग गिळले आहेत. पोरी, तुझ्या बाबाने कुठलंही चुकीचं बटण दाबलं नाही. त्याला पिन दाखवली आणि त्याने आमच्यावर विश्वास ठेवला. गाडी विकायची नाही, चालवायची.

ठिकाण : माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : धाकट्याचा वाढदिवस
सही : आत्या

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई, वर उल्लेख आलेल्या.
२. कोपऱ्यावरच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरीणबाई. भाचीचं नाव यांच्याकडे घातलं आहे. हे मृत्युपत्र वाचल्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्या दाराशी येऊन हॉर्न वाजवतील.