कागदाला चिकटलेली लव

प्रिय एर्मेक,

'प्रिय' सवयीने लिहिले आहे. त्यावरून काही अनुमान काढू नकोस. अनुमानांची तुला फार घाई असते.

गेल्या वसंतात नारिन नदीवरच्या डोंगरउतारावरून आपण पिवळे ट्युलिप आणले. आठवडाभर पाऊस होता, म्हणून तू फुले कागदांत ठेवून त्यांवर गरम इस्त्री फिरवलीस. मी नको म्हणाले, तर म्हणालास, "पुस्तकी किडा कुठली, सुकलं की झालं." मग पुंकेसरांच्या तळाशी लव नाही, म्हणून ती नवी प्रजाती ठरवलीस आणि मला न विचारता तिला माझे नाव दिलेस. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या भर सभेत तू ते जाहीर केलंस, तेव्हा सगळे माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. तू तो होकार समजलास. घरी माझी आई तेवढी म्हणाली, "ट्युलिपच्या कांद्याला तुझं नाव? बरंय, चिरताना कुणीतरी रडेल तुझ्यासाठी."

पाठोपाठ तुझी आई कानातली घेऊन आली. "फुलाला हिचं नाव लागलं, आता हिला आमचं लागू दे गं," म्हणत तिने ती माझ्या कानांत घातलीही. आपल्याकडे कानातली घातली की मुलगी त्या घरची सून ठरली. पाहुण्यांसमोर ती काढण्याचे धैर्य मला झाले नाही.

या वसंतात मी पुन्हा त्या उतारावर गेले. नवी, दुर्मीळ प्रजाती म्हटल्यावर शहरातले हौशी संग्राहक फावडी घेऊन येऊन गेले होते. उतारभर खड्डे. खडकाच्या कपारीत चार रोपे वाचली होती. भिंगाखाली पाहिले: चारही रोपांच्या पुंकेसरांना लव. परतून तुझा नमुना काढला, तर ती सगळी लव इस्त्रीच्या कागदाला चिकटलेली. शेळ्या तुडवतात तोच हा आपला जुना ट्युलिप, एर्मेक. तुझी प्रजाती डोंगरावर कधी उगवलीच नाही.

हे सारे मी सप्रमाण लिहून नियतकालिकाकडे पाठवले, आणि त्यांनी ते स्वीकारले आहे. माझ्या नावाची ती प्रजाती आता रद्द होईल. खड्डे बुजणार नाहीत, पण उरलेल्या कंदांसाठी तरी कुणी फावडे उचलणार नाही. तुला हे छापील पानावरून कळू नये, म्हणून हे पत्र. सोबतच्या पुडीत तुझ्या आईची कानातली आहेत. तिच्यावर माझा राग नाही. फुलाला विचारण्याची सोय नव्हती. मला होती.

तुझी न ठरलेली,
बेगिमाय