दगड खाणारा मासा

आबा, तुमचा मासा मला दिसला. सांगलीच्या शाळेतल्या बायांबरोबर गेल्या महिन्यात अंदमानला गेले होते. होडीच्या तळाला काच, खाली प्रवाळाचे खडक, आणि तो त्या खडकांना कराकरा चावतोय. हिरवानिळा, गालांवर गुलाबी, तोंड थेट पोपटाचं. मागून पांढऱ्या वाळूचा धूर सोडत पुढं गेला.

अंदमानातल्या पलटणीतून सुटीवर आलात की जतच्या आपल्या वस्तीवर तुम्ही हेच सांगायचात. "लय देखणं हाय गड्या! दगड खातंय आन वाळू हागतंय. तिथला निम्मा किनारा त्येनंच केलाय." पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा थोरले चुलते मेंढरं कोंडून येतात, पाणी पितात आणि विचारतात, "दात किती?" आपल्यात जनावर पारखायचं ते जबडा उघडून, दोनदाती, चारदाती. तुम्ही म्हणालात, "मोजाय सुटं दातच न्हाईत. सगळी मिळून चोचच हाय." झालं! दात न मोजता जनावर सांगतोय म्हणून सगळी वस्ती खो खो हसली. पुढं कुणी थाप मारली की त्याला 'फौजीचा मासा' म्हणायचे. तुम्हीही हसायचात, आणि पुढच्या सुटीत पुन्हा सांगायचात.

त्या हसण्यानं तुम्ही गप्प झाला नाहीत. गप्प केलं ते मी. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी, चुलीपाशी पोह्यांच्या बशा भरताना मी म्हणाले, "आवं आबा, आज ती माशाची थाप नको. लाज वाटती." तुम्ही बशी उचलली आणि म्हणालात, "व्हय बाय, न्हाई सांगत." मग मरेपर्यंत सांगितलंत नाहीत. माझ्या पोरानं हट्ट धरला तरी "इसरलो रं" म्हणालात. मेला माझा तोरा!

आता हे गेले, पोरगा लांब. अंदमानहून आले तर घरात बोलायला कुणी नाही, आणि हे ज्यांना सांगावं ते हसणारेही कधीच गेले. पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

मासा दिसला तशी मी होडीत ओरडलेच, "दगड खातो तो! ही वाळू त्यानंच केलीय!" होडीवाल्यानं मान डोलावली. "अगदी खरं," म्हणाला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "अगंबाई, तुम्हाला हो कसं माहीत?" 'आमच्या आबांनी सांगितलं होतं,' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "वाचलं होतं कुठंतरी."