तारीख पुढे गेली आहे

२८ जानेवारी
वकील संघाचा सेक्रेटरी अरुळ सकाळीच आला. कोर्टाच्या लायब्ररीत माझी तसबीर लावणार. या कोर्टात काळा कोट घालणारी पहिली बाई, मग इथून दिल्लीला निवडून गेलेली पहिली बाई, सगळं पत्रिकेत छापून तयार. समारंभ १० तारखेला. पुस्तिकाही काढतायत, तीत लोकसभेतलं माझं पहिलं भाषण. "अम्मा, ते भाषण आम्हाला लॉ कॉलेजात सरांनी वाचून दाखवलं होतं." नको म्हणणार होते. हो म्हटलं.
पुतण्याची बायको पद्मा खूष. साडीसुद्धा तिने ठरवली.

३० जाने.
पुस्तिकेचं प्रूफ आलं. तिसरा परिच्छेद. 'माझ्या भागातली एक मजूर बाई. भाताच्या गिरणीच्या मालकाने अंगावर हात टाकला, तिने फिर्याद केली. साक्षीच्या दिवशी ती आली नाही. घाबरली. कोर्टाची पायरी तिला मालकापेक्षा भयंकर वाटली.' इथे बाकं वाजली होती.
ती घाबरली नव्हती.
आजवर हे कुठेच लिहिलं नाही. इथे लिहिते. वडिलांनी, आप्पांनी, शिकवलेली ही मराठी अक्षरं घरात आता मी एकटीच वाचते. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं घर; पद्मा मराठी बोलते, वाचते तमिळ.

३१
दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले.
तिचं नाव राजात्ती. पापनाशमजवळचं गाव. गिरणीच्या अंगणात उकडलेलं भात उन्हात पसरायची. माझ्याकडे आली तेव्हा कडेवर सहा महिन्यांची मुलगी. पोलिसांनी तक्रार घेतली नाही म्हणून मी मॅजिस्ट्रेटपुढे खाजगी फिर्याद लावली. तीन महिने तिला तयार केलं. समोरचा वकील काय विचारील, कुठे थांबायचं, कुठे मान वर ठेवायची. साक्षीच्या दोन दिवस आधी पक्षाचे जिल्ह्याचे पुढारी घरी आले. गिरणीवाला त्यांचा उजवा हात. केसबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाले, "तुमचं नाव दिल्लीला पाठवतोय. या महिन्यात वाद नको."
दुसऱ्या दिवशी बसने तिच्या गावी गेले. म्हटलं, "तारीख पुढे गेली आहे. निरोप पाठवते, मग ये."
तारीख पुढे गेली नव्हती. फिर्यादी गैरहजर, फिर्याद निकाली. मी कोर्टात उभी होते. बाहेर वार्ताहराने विचारलं. मी म्हटलं, "घाबरली बिचारी."
मग तिकीट, प्रचार, दिल्ली. निरोप पाठवला नाही. पुढे ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की मध्ये काही वर्षं मलाही खरीच वाटायची.

२ फेब्रु.
पद्माला सांगितलं. ती भाजी चिरत होती, विळी बाजूला सारली. मग, "आत्या, चाळीस वर्षं झाली. ती बाई असेल तरी का?"
"नसली तर बरं, असं वाटतंय मला," मी म्हटलं. खरंच वाटत होतं. म्हणूनच जायला हवं.

४ फेब्रु.
पापनाशमपर्यंत बस, पुढे रिक्षा. कापणी उरकत आलेली, वाटेत यंत्रं उभी. गाव ओळखू येईना. गिरणी आहे, आता मुलगा चालवतो.
राजात्ती आहे. केस पांढरे, पाठीत वाकलेली. मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी नाव सांगू लागले तर म्हणाली, "आवाजावरून ओळखलं. रेडिओवर ऐकायची."
मी सांगितलं. सगळं, पुढाऱ्यासकट.
ती म्हणाली, "मला वाटायचं, माझीच ऐकण्यात चूक झाली. तुम्ही एक तारीख सांगितली असेल, मी दुसरी ऐकली असेन."
चाळीस वर्षं हे.
"माझं राहू द्या," ती म्हणाली. "गाव म्हणालं, काहीतरी घेऊन गप्प बसली. ऐकून घेतलं. पण सेल्वी पंचायतीला उभी राहिली तेव्हा हेच काढलं, विकल्या गेलेल्या बाईची पोर म्हणून. पडली ती. तेव्हापासून एका घरात आमच्या दोन चुली."
सेल्वी म्हणजे ती कडेवरची मुलगी. आता शाळेत शिकवते. ट्रेनिंगसाठी तिरुचीला गेलेली, ११ ला परत.
"तिला सांगा," राजात्ती म्हणाली. "तिला एकटीला."
मी हो म्हटलं.

७ फेब्रु.
सेल्वीला दोनदा फोन केला. नाव सांगितल्याबरोबर, "क्लास चालू आहे," आणि बंद. अरुळला म्हटलं, पुस्तिकेतून भाषण काढ. छापून झाली म्हणे. खोटं बोलत असावा. मला खोटं ओळखता येतं.

९ फेब्रु.
उद्याचं बोलणं लिहून काढलं. तासाभरात झालं, हात थांबला नाही. किती हलकं वाटतंय. पद्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बाईला विचारलं का?"
म्हटलं, नाव घेणार नाही.
"ते विचारलं नाही मी, आत्या."

१० फेब्रु.
बोलले. हॉल गच्च भरलेला. न्यायाधीश होते, पक्षाचे लोक होते. मी भाषणाचा तो परिच्छेद वाचला, मग म्हटलं, हे खोटं आहे, आणि खोटं माझं आहे. खाली उतरले. एक तरुण वकील मुलगी येऊन पाया पडली. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, की बरं वाटलं.

११ फेब्रु.
पेपरात पहिल्या पानावर. राजात्तीचं नाव नाही. गावाचं आहे, गिरणीचं आहे. मीच बोलताना सांगितलं होतं. त्या गावात गिरणी एकच.
दिवसभर फोन. कोणी म्हणतं धैर्य, कोणी म्हणतं म्हातारचळ. पक्षातून एकाने विचारलं, हे निवडणुकीच्या तोंडावरच कसं आठवलं.
शेजारणीच्या फोनवर राजात्तीला गाठायला पाहिलं. शेजारीण म्हणाली, "सकाळी कॅमेरावाले आले होते. तिने दार लावून घेतलंय."
पन्नास वर्षांची वकिली. नाव घेतलं नाही एवढ्यावर स्वतःला शहाणी समजले. आधी माझ्या तिकिटापायी, आता माझ्या झोपेपायी. दोन्ही वेळा तिला न विचारता.

१३
काही लिहवत नाही. जेवण जात नाही. पद्मा बोलत नाही फारशी. 'मी सांगितलं होतं' असं म्हणत नाही, हे तिचं मोठेपण.

१४ फेब्रु.
दुपारी सेल्वी आली. एकटीच, शाळेतून परस्पर. पद्माने बसायला सांगितलं, बसली नाही. आईसारखंच कपाळ.
"आईने सांगितलं होतं ना, मला एकटीला?"
"हो."
"मग मला हे बसमध्ये पेपरवाल्याकडून का कळलं?"
तू फोन ठेवलास, हे ओठावर आलं, ते गिळलं. एकच दिवस थांबले असते तर ती परत आलीच असती.
मग तिने विचारलं, "ती साक्षीला आली असती तर जिंकली असती?"
"ठाऊक नाही. गिरणीवाल्याचा वकील चांगला होता. पण ती डगमगली नसती."
सेल्वी खिडकीकडे वळली. पद्माने काफी आणून ठेवली, तशीच राहिली. खिडकीकडेच बघत सेल्वी म्हणाली, "पेपर आला त्या रात्री मी आईच्या चुलीवरचं जेवले. पंधरा वर्षांनी. ती सारखी वाढत राहिली."
मला रडू आलं. तिला ते आवडलं नाही.
"मी परत उभी राहणार आहे," ती म्हणाली. "काळ्या कोटांसमोर सांगितलंत. आता आमच्या गावात या. ज्यांनी आईला बोल लावला त्यांच्यासमोर सांगा. गिरणीसमोर उभं राहून."
"आई काय म्हणते?"
"नको म्हणते. म्हणते, वक्कीलम्माला सांग, आता माझ्यावर एक शब्दही बोलू नका. पण मला हवंय. मी भोगलं नाही का? तुम्ही आम्हा दोघींपैकी कोणाचं ऐकणार?"
"तिचं," मी म्हटलं.
"मग माझं?"
ती चपला घालून निघाली. जाताना पद्माशी बोलली, माझ्याशी नाही.

१५ फेब्रु.
पहाटेच उठले. पद्मा म्हणाली, मीही येते. नको म्हटलं. सातच्या बसने निघते. राजात्तीच्या ओट्यावर बसेन. दार उघडलं तर विचारीन, सेल्वीला काय सांगू. यावेळी ती सांगेल तेच. नाही उघडलं तर संध्याकाळच्या बसने परत.
उद्या पुन्हा जाईन.