परत आलेला नारळ

रविवार, संध्याकाळ

लेकाच्या नव्या गाडीतून खडकवासल्याला गेलो. काठावरची पाटी नातीने, मुक्ताने, वाचून दाखवली: पाण्यात उतरू नये. मी म्हटलं, “ते पोहणाऱ्यांसाठी.” धरणाला नारळ वाहिला, तर तो काठाला परत आला. मला ते खपेना. “ढकल गं आत.” दुसऱ्याच पावलाला गाळ सरकला आणि पोरगी दिसेनाशी झाली. कणसं भाजणारीने वेणी धरून ओढली म्हणून वाचली. नारळच तो, तरंगणारच. मला कसली घाई होती? लेक गाडीकडून धावत आला आणि मुक्तालाच म्हणाला, “फोटोसाठी उतरलीस ना?” कॉम्प्युटरवाला, त्याला सगळं कळतं. तिने माझ्याकडे बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. आता ती तापाने फणफणली आहे, तो अजून तिलाच बोलतोय, आणि मी इथे वहीत लिहीत बसले आहे.