मावशी विकाऊ नाही

मी, खाली सही करणारी, चित्रकथा काढून पोट भरलेली एकटी बाई, वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोके ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे पुढीलप्रमाणे व्हावे. दडपणाखाली मी हयातभर आले नाही, तेव्हा आता येण्याचे कारण नाही. हात थोडा कापतो, पण वाचकांना ती माझी नवी शैली वाटते.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या धाकट्या भावाला. छापखाना त्याचा. मला कोणी दारात उभे करीना तेव्हा त्याने माझी चित्रे छापली, आणि त्यापायी पोलिसांनी त्याचे यंत्र वर्षभरासाठी उचलून नेले. रिकाम्या खोलीत उभा राहून तो एवढेच म्हणाला, "ताई, जागा बरीच मोकळी झाली गं." त्याच्यावर माझा जीव आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून येथे लिहिते.

२. भावजयीला माझे कपाट. त्यावरचे शाईचे डाग निघत नाहीत. तिने घासत बसू नये.

३. आता मावशी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मंत्र्यांच्या दालनात झाडू मारणारी, अंगाने आडवी, माझ्या दर आठवड्याच्या चित्रकथेतील बाई. मंत्री खुर्चीत बसलेले, मावशी पाय वर घ्यायला लावते आणि शेवटच्या चौकटीत खुर्चीखालून जे निघायचे ते निघते, कधी धरणाचे सिमेंट, कधी मतपेटी. मावशी एक अक्षर बोलत नाही. कारण व्यवहारी आहे. सरकारी तपासणी कचेरीचा नियम होता की छापण्याआधी चित्रकथेतील शब्द तपासावेत. शब्दच नाहीत म्हटल्यावर कारकून शिक्का मारून मोकळा.

४. मावशी छापणाऱ्या साप्ताहिकाच्या त्या काळच्या संपादकांना माझी चुका झाकायच्या पांढऱ्या रंगाची बाटली. त्यांनी एकदा घाबरून, मला न विचारता, मावशीच्या तोंडी "नमस्कार, साहेब" असे घातले. झाले! शब्द आले म्हणून चित्र वरच्या साहेबांकडे गेले, त्यांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिले आणि अख्खा अंक जप्त झाला. इतकी वर्षे सुरळीत चाललेला संसार एका नमस्काराने मोडला. वर मलाच काढून टाकले. बाटली अर्धीच आहे, त्यांना पुरायची नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तपासणी कचेरीच्या निवृत्त कारकुनांनी करावी. माझे सर्वांत बारकाईने बघणारे वाचक तेच. एकदा मी त्यांनाच भिंगासकट चित्रात घातले होते. त्यांनी शिक्का मारला, कागद परत दिला आणि हळूच विचारले, "बाई, माझं नाक एवढं लांब आहे का हो?" म्हणजे त्यांना सगळे कळत होते. या कागदाचे साक्षीदारही तेच, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून ते नाकाचे चित्र आजच त्यांच्या हातात दिले.

६. वीज दरवाढीच्या जाहिरातीसाठी मंत्रालयाने भावाकडे मावशी मागितली आहे. तो थकला आहे, मला दिसते. परवा जेवताना विषय निघाला.

"ताई, एकच वाक्य म्हणायचंय तिला. दरवाढ आपल्याच भल्यासाठी. कोणाचं काय जातंय?"

"मग तू म्हण ना. तुझा फोटो छापू देत."

"माझा फोटो कोण बघणार?"

"मग मावशीकडे का बघतात, ते कळलं ना?"

तो जेवत राहिला. सबब, मावशी भावाला नाही, कोणा एकालाही नाही. जो काढील त्याची ती. फळ्यावर काढा, भिंतीवर काढा, मोर्चाच्या फलकावर काढा. मात्र तिला विकता येणार नाही आणि सरकारी जाहिरातीत उभे करता येणार नाही. भावाने तसा करार केल्यास घर चित्रकलेच्या शाळेला जाईल. बाळ्या, रागावू नकोस. तुझ्यावर तिला विकायची पाळी येऊ नये, म्हणूनच घर तुला दिले आहे.

७. शेवटची चित्रकथा काढून टेबलावर ठेवली आहे. मी गेल्यावर भावाने ती आपल्या छापखान्यात छापावी आणि फुकट वाटावी. तीत मंत्र्यांची खुर्ची रिकामी आहे, मावशी प्रथमच वाचकांकडे तोंड करून उभी आहे आणि तिच्या डोक्याशी मी स्वतः काढलेला पहिलाच संवादाचा फुगा आहे. फुग्यात मी काही लिहिलेले नाही. चांगला ऐसपैस ठेवला आहे. ज्याला जे म्हणायचे असेल ते त्याने आपल्या अक्षरात लिहावे आणि चारचौघांना दिसेल अशा जागी चिकटवावे.

वर लिहिले ते माझ्या मनातले आहे. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

स्थळ: माझे चित्रांचे टेबल, खिडकीकडची बाजू
दिनांक: दरवाढ जाहीर झाल्यानंतरचा सोमवार
सही: (नेहमीचा लहानसा झाडू)

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई. लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे. नको तितकी.

साक्षीदार २: निवृत्त तपासणी कारकून. शेवटचे चित्र पाहिले. फुगा रिकामा आहे. नियमाप्रमाणे तपासण्यासारखे काही नाही. छापण्यास हरकत नाही.