पाया कोणी पडायचं

सिंदी मेघे,
८ जानेवारी २०२५

ती. मामीस काजलचा शि. सा. नमस्कार.

फोन मामांच्या खिशात असतो आणि माझा आवाज ऐकला की ते कट करतात, म्हणून पत्र. त्यांनी आणलेलं स्थळ मी नाकारलं, त्याला वर्ष होत आलं. आता पुरे ना!

पंचवीस तारखेला स्पर्धेत आमचा बॅले आहे. जुनं गाजलेलं विनोदी नाटक, एकही शब्द न बोलता नाचून दाखवायचं. हट्टी मामा भाचीला श्रीमंत म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ती त्याची फजिती करून लग्न मोडते. शेवटी मात्र मामाच्या पाया पडून माफी मागते. नाटकात तिच्या चुरचुरीत बोलण्यानं ते खपून जातं. नाचात नुसती वाकलेली मुलगी दिसते, जिंकूनही हरलेली. दुसरा शेवट काही सुचत नाही. आणि मामांनी पहिल्या रांगेत बसावं असं फार वाटतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी काजल

समुद्रपूर,
१३ जानेवारी

चि. काजलले पोटभर आशीर्वाद.

कापूस वेचणी चालू आहे, तरी लिहून राह्यली. त्या नाटकवाल्याले आपल्या इकडची रीत माहीत नसल. आपल्यात भाची मामाच्या पाया पडते काय? मामाच भाचीच्या पाया पडते. मग तू काऊन उलटं करून राह्यली?

दिवाळीत तू आली नाई, तर तुह्ये मामा दिवसभर दारात येरझारा मारत होते. विचारलं तर म्हणे, बैल पाहून राह्यलो. बैल गोठ्यातच बांधला होता. त्याईले पाठवतो. तोंड फुगवून बसतीन, मनावर घेऊ नको.

पोटाले खात जाजो.

तुही मामी शोभा

सिंदी मेघे,
२६ जानेवारी

मामी, जिंकलो! नमस्कार मागाहून.

आमच्या चमूतला गजेंद्र मामा झाला होता, भाची मी. लग्न मोडलं, सभागृह हसून लोटपोट झालं. मग मी ताठ उभी राहिले. गजेंद्र घुटमळला, पाठ फिरवून चालू लागला, परत आला आणि धोतर सावरत माझ्या पायांवर वाकला. शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. शब्दाची गरजच पडली नाही गं!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आपले मामा उठून थेट रंगमंचावर चढले. त्यांनी वाकलेल्या गजेंद्रला खांद्याला धरून बाजूला केलं, सगळ्यांदेखत सांगितलं की हा नकली हाय, खरा मामा मी हाय, आणि माझ्या पाया पडले.

लोभ वर्षभराच्या थकबाकीसह पोचला.

तुमची दोघांची काजल